पाळी जाण्याच्या वयातली अर्धशिशी: नोंद, गोळी आणि हार्मोन यांचं गणित

तिशीत महिन्याला एकदा, फार तर दोनदा डोकं उठायचं. तेही पाळीच्या आगेमागे, त्यामुळे पर्समध्ये गोळी तयार असायची. पंचेचाळिशीच्या सुमाराला पाळी कधी बावीस दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी येऊ लागते आणि डोकेदुखीचं वेळापत्रक कोलमडतं. महिन्यातले सहा, आठ, दहा दिवस त्यातच जातात. घरचे म्हणतात पित्त वाढलंय. चष्म्याचा नंबर तपासून होतो, मानेचा एक्स-रे निघतो (चाळिशीनंतर कुणाच्याही मानेच्या एक्स-रेत थोडी झीज दिसतेच, त्यामुळे एक निदानही पदरात पडतं) आणि गळ्यात पट्टा येतो. पाळी कशी चालली आहे हे मात्र कुणी विचारत नाही. इथे त्या प्रश्नापासूनच सुरुवात करू.

त्रास उताराचा असतो

इस्ट्रोजेन (बीजकोशातून येणारं मुख्य स्त्री-हार्मोन) कमी झालं म्हणून डोकं दुखतं, असं सर्रास सांगितलं जातं. तसं असतं तर सत्तरीतल्या बायकांना अर्धशिशीचा सगळ्यात जास्त त्रास झाला असता. खरा त्रास होतो तो इस्ट्रोजेन खाली येत असताना. १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियातले न्यूरॉलॉजिस्ट ब्रायन सॉमरव्हिल यांनी पाळीच्या वेळी अर्धशिशी होणाऱ्या स्त्रियांना पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेनचं इंजेक्शन दिलं. पाळी ठरल्या वेळी आली, अर्धशिशी मात्र काही दिवस पुढे गेली. प्रोजेस्टेरॉन हे दुसरं स्त्री-हार्मोन दिलं तेव्हा उलट झालं: पाळी लांबली आणि डोकं ठरल्या वेळीच दुखलं. म्हणजे अर्धशिशीला निमित्त ठरते ती बरेच दिवस चढलेल्या इस्ट्रोजेनची घसरण. गरोदरपणात, विशेषतः तिसऱ्या महिन्यानंतर, अनेकींची अर्धशिशी शांत होते आणि बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत परत येते, तेही याच कारणाने.

बसने घाट उतरताना पोटात ढवळतं, त्याचा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीशी काही संबंध नसतो. देशावर बरं असतं आणि कोकणात उतरल्यावरही बरं असतं. घाट लागतो तो वळणांमुळे. तरुणपणी महिन्याला एकच उतार होता आणि तो कधी येणार हे ठाऊक होतं. पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांत बीजकोश लहरी होतात. इस्ट्रोजेन कधी तरुणपणापेक्षाही वर चढतं आणि चार दिवसांत कोसळतं. कधी पाळी न येताच दोनदा वरखाली होतं. त्यात रात्री अंगातून वाफा येऊन झोप मोडते, आणि मोडलेली झोप हे अर्धशिशीचं वेगळं निमित्त असतं. पाळी जास्त जात असेल तर रक्त कमी होतं, त्याचीही भर पडते.

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात. भारतात हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी घडतं. त्याआधीची अस्थिर वर्षं चार असू शकतात, आठही असू शकतात. नैसर्गिकरीत्या पाळी गेल्यावर साधारण दोन-तृतीयांश स्त्रियांची अर्धशिशी कमी होते, पण लगेच नाही. इस्ट्रोजेन खालच्या पातळीवर स्थिरावायला आणखी वर्ष-दोन वर्षं लागतात. तोवर जमेल तितके चढउतार कमी करायचे, हार्मोनचे, झोपेचे, जेवणाचे आणि गोळ्यांचेसुद्धा. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

एक फरक इथेच लक्षात ठेवा. काहींना डोकं दुखण्याआधी ऑरा येतो: नजरेसमोर चमकत्या वेड्यावाकड्या रेषा, हळूहळू पसरणारा आंधळा ठिपका, हातातून चेहऱ्याकडे सरकणाऱ्या मुंग्या. तो ५ ते ६० मिनिटं टिकतो. ऑराचा संबंध घसरणीपेक्षा चढलेल्या इस्ट्रोजेनशी जास्त आहे. गोळ्या निवडताना या एका गोष्टीवर बरंच काही ठरतं, म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगायची.

ही अर्धशिशीच आहे का

नावाने फसू नका. दुखणं अर्ध्याच डोक्यात असायला हवं असं नाही. उपचार न करता ४ ते ७२ तास टिकणारी डोकेदुखी, आणि एक बाजू, ठसठस, बऱ्यापैकी किंवा तीव्र वेदना, जिना चढताना वाढणं या चारपैकी दोन गोष्टी. सोबत मळमळ-उलटी, किंवा मग उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं. असे पाच झटके येऊन गेले असतील आणि दुसरं कारण दिसत नसेल तर ती अर्धशिशी.

पित्ताबद्दल थोडं. झटका सुरू झाला की जठर मंदावतं, अन्न पुढे सरकत नाही, म्हणून मळमळतं आणि उलटी होते. उलटीत पिवळं पाणी पडलं की पित्तानेच डोकं चढलं असं वाटतं, पण क्रम उलटा आहे. त्यामुळे रोज सकाळी उपाशीपोटी अॅसिडिटीची गोळी घेऊन अर्धशिशी थांबत नाही. मान आखडणं हासुद्धा बहुतेक वेळा झटक्याचाच भाग असतो, आणि कपाळ-गाल जड होऊन नाक वाहिलं म्हणजे सायनसच असेल असंही नाही. या वयात काहींना डोकं फारसं न दुखता नुसती चक्कर येते, घर फिरल्यासारखं वाटतं, उजेड सहन होत नाही. तोही अर्धशिशीचा एक प्रकार असू शकतो.

पुढची लक्षणं असतील तर मात्र हे वाचणं थांबवून दवाखाना गाठायचा: मिनिटभरात शिगेला पोचणारी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, हातपाय लुळे पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, ताप आणि मान ताठ होणं, शुद्ध हरपणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं दुखायला लागलं असेल तर ते पाळीच्या खात्यावर टाकू नका. त्यात कानशिलाला हात लावला की दुखतं, केस विंचरवत नाहीत, भाकरी चावताना जबडा दुखून थांबावं लागतं असं असेल तर कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते. त्याने नजर कायमची जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टर आणि ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या. ऑरासुद्धा पन्नाशीनंतर आयुष्यात प्रथमच आला तर आधी तपासून घ्यायचा. तो हळूहळू पसरण्याऐवजी एकदम आला असेल तर अधिकच.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन महिने

मोबाइलवरची अॅप आहेत, पण स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर पेन बांधून ठेवलेलं जास्त टिकतं. रोज रात्री पंधरा सेकंद. चौकटीत एवढीच अक्षरं:

प: पाळीचा दिवस, पहिल्या दिवसाभोवती गोल. नुसता डाग असेल तर टिंब.
ड१, ड२, ड३: डोकं दुखलं पण कामं झाली, कामं अर्धवट राहिली, अंथरूण धरलं.
ग: गोळी घेतली. गोळ्या कितीही असोत, दिवसाला एकच ग. ती कोणती हे पुढे पहिल्या अक्षराने.
व: रात्री वाफांनी किंवा घामाने झोप मोडली.
ऑ: ऑरा.

काय खाल्लं, कुठे गेलो, कोणाशी भांडण झालं ही जंत्री ठेवू नका. चौथ्या दिवशी कंटाळा येतो आणि तीन महिन्यांनी त्यातून काही निघतही नाही. झटका येण्याच्या आदल्या दिवशी जांभया येतात, गोड खावंसं वाटतं. मग चॉकलेट खाल्लं जातं आणि दोष चॉकलेटला जातो. ती खाण्याची ओढच झटक्याची सुरुवात असते.

तीन महिन्यांनी पान काढून बघा. पाळीच्या आधीचे दोन आणि पहिल्या दिवसापासूनचे तीन, असे पाच दिवस आखा. तीनपैकी दोन पाळ्यांत या पट्ट्यात ड असेल तर अर्धशिशी पाळीशी बांधलेली आहे. ड विखुरलेले असून त्यांच्या आदल्या रात्री व असेल तर आधी वाफा आणि झोप यांचा बंदोबस्त करायचा. आणि कशाचा कशाशी मेळ न लागता ड महिन्याला पंधरा-वीस असतील, तर ग मोजा.

ग मोजणं सगळ्यात महत्त्वाचं

साधं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन ही औषधं महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, किंवा ट्रिप्टान आणि एर्गोटामीन (ही खास अर्धशिशीवरची औषधं), कोडीनसारखी औषधं आणि मिश्र वेदनाशामकं १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा अधिक चाललं की गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. औषधाच्या दुकानात सुट्या मिळणाऱ्या डोकेदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर कॅफिन असतं. त्या मिश्र गटात मोजायच्या. मर्यादा गोळ्यांच्या संख्येवर नाही, दिवसांवर आहे: एका दिवशी पुरेशी मात्रा घेतलेली चालते, रोज अर्धी-अर्धी घेत राहिलेली चालत नाही. या वयात नेमकी इथेच चूक होते, कारण झटके वाढले की गोळीचे दिवसही वाढतात आणि बदल हार्मोनमुळे आहे की गोळीमुळे, हे कळेनासं होतं.

आठवड्यात दोन दिवस ही स्वतःसाठीची रेषा धरा. ती आधीच ओलांडली असेल तर गोळी थांबवावी लागते. साधी वेदनाशामकं आणि ट्रिप्टान एकदम थांबवता येतात. कोडीन-ट्रामाडॉलसारखी औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करायची. पहिला आठवडा-दहा दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं, हे आधी माहीत नसेल तर चौथ्या दिवशी माघार होते. लग्नकार्य, परीक्षा, गणपती असा काळ टाळून तारीख ठरवा आणि प्रतिबंधक औषध (झटके कमी यावेत म्हणून रोज घ्यायचं) त्याच वेळी सुरू करून घ्या.

झटका आल्यावर

अर्धी गोळी घेऊन वाट बघणं हा सगळ्यात महाग पडणारा काटकसरीपणा आहे. जठर मंदावण्याआधी, दुखणं सौम्य असतानाच पूर्ण मात्रा घ्यायची. नेप्रोक्सेन ५०० मिग्रॅ किंवा आयबुप्रोफेन ४०० ते ६०० मिग्रॅ, चार घास खाऊन. ही चालत नसतील तर पॅरासिटामॉल १००० मिग्रॅ. मळमळ असो नसो, सोबत डॉमपेरिडोन १० मिग्रॅ घेतलं की वेदनाशामक पोटातून पुढे सरकतं. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास किंवा त्यावरचं औषध असेल तर आधी विचारा. मूत्रपिंडाचा विकार, अल्सर, रक्त पातळ करणारी गोळी यांपैकी काही असेल तर नेप्रोक्सेन-आयबुप्रोफेन नको.

दोन-तीन झटक्यांत यांनी काम झालं नाही तर डॉक्टरांकडून ट्रिप्टान मागून घ्या: सुमाट्रिप्टान ५० मिग्रॅ किंवा रिझाट्रिप्टान १० मिग्रॅ. प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर रिझाट्रिप्टान ५ मिग्रॅच. ऑरा चालू असताना नाही, डोकं दुखायला लागल्यावर घ्यायचं. दोन तासांत आराम पडून दुखणं परतलं तर दुसरी गोळी घेता येते. पहिलीने काहीच फरक पडला नसेल तर त्याच झटक्यात दुसरी घेऊन उपयोग नाही. छाती-गळ्याशी थोडं आवळल्यासारखं वाटतं, ते बहुधा निरुपद्रवी असतं. पण हृदयविकार, पक्षाघात किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर ट्रिप्टान घ्यायचंच नाही. पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदा घेण्यापूर्वी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल बघून घेणं शहाणपणाचं. एर्गोटामीनची जुनी गोळी घरात असेल तर ट्रिप्टानच्या चोवीस तास आगेमागे ती नको. दोन्ही रक्तवाहिन्या आकुंचित करतात.

पाळीपुरता बंदोबस्त, आणि तो केव्हा फसतो

पाळी अजून नियमित असेल आणि पाच दिवसांच्या पट्ट्यातच त्रास असेल तर पाळीच्या दोन दिवस आधीपासून पाच-सहा दिवस नेप्रोक्सेन ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, जेवल्यावर. याने पोटदुखी आणि रक्तस्रावही कमी होतो. नेप्रोक्सेन चालत नसेल तर काही डॉक्टर नाराट्रिप्टान किंवा फ्रोवाट्रिप्टानसारखं जास्त वेळ टिकणारं ट्रिप्टान त्याच पाच-सहा दिवसांपुरतं देतात.

पाळी बावीस ते साठ दिवसांत कधीही येऊ लागली की हा उपाय कोसळतो. दोन दिवस आधी म्हणजे कोणता दिवस? अंदाजाने गोळ्या सुरू होतात, पाळी येत नाही, गोळ्या चालूच राहतात आणि महिन्याचे पंधरा ग भरतात. पाळीचा अंदाज तीनदा चुकला की हा मार्ग सोडून रोजच्या प्रतिबंधाकडे वळा.

रोजचं प्रतिबंधक औषध

महिन्यात चार किंवा जास्त दिवस त्रासाचे असतील तर याचा विचार करायचा. औषध कोणतं, हे अर्धशिशीपेक्षा सोबतच्या इतर तक्रारींवरून ठरवलेलं बरं. वाफा आणि उदासी असेल तर व्हेनलाफॅक्सिन: ३७.५ मिग्रॅने सुरुवात, ७५ ते १५० पर्यंत; दोन्हींवर उतारा पडतो. रक्तदाबावर लक्ष हवं आणि ते एकदम बंद करायचं नाही. झोप लागत नसेल तर अॅमिट्रिप्टिलीन १० मिग्रॅ, झोपण्याच्या दोन तास आधी. तोंड कोरडं पडतं, वजन थोडं वाढू शकतं. रक्तदाब असेल तर कँडेसार्टन किंवा प्रोप्रॅनोलॉल, दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल अजिबात नको. टोपिरामेटने वजन उतरतं, पण शब्द आठवेनासे होतात. या वयात ते तसेही आठवत नसतात, म्हणून विचार करून. मूतखडा होऊन गेला असेल तर नकोच.

आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं ते फ्लुनारिझीन, रात्री ५ ते १० मिग्रॅ. काम करतं, पण वजन आणि उदासी वाढवतं, आणि दीर्घकाळ घेतल्यास हातांना कंप, हालचालीत मंदपणा येऊ शकतो. आधीच मन खचलेल्या बाईसाठी हे पहिलं औषध नव्हे. कुणी दोन-तीन वर्षं तीच चिठ्ठी दाखवून गोळ्या आणत असेल तर ती चिठ्ठी आज डॉक्टरांना दाखवा.

सौम्य पर्याय हवा असेल तर मॅग्नेशियम रोज ४०० मिग्रॅ (जुलाब झाले तर निम्मं करा, मूत्रपिंडाचा विकार असेल तर नको) आणि रिबोफ्लेविन ४०० मिग्रॅ, लघवी गर्द पिवळी होते, घाबरू नका. कोणतंही प्रतिबंधक औषध पुरेशा मात्रेत आठ ते बारा आठवडे घेतल्याशिवाय त्याचा निकाल लावायचा नाही. ड निम्मे झाले तर औषध लागू पडलं. पूर्ण बंद व्हायला हवेत ही अपेक्षा धरली की चांगली औषधं सोडली जातात. तीन-चार औषधं खरोखर अपुरी पडली तर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यायची सीजीआरपीविरोधी (झटक्यात भाग घेणारं शरीरातलं एक रसायन रोखणारी) इंजेक्शनं आहेत; महाग आहेत, पण रोजच्या गोळीचे त्रास त्यांत कमी.

हार्मोन घ्यायचं झालं तर

फक्त अर्धशिशीसाठी हार्मोन सुरू करत नाहीत. वाफा, रात्रीचा घाम, झोपमोड हे सोबत असेल तर मात्र योग्य प्रकारे दिलेली एचआरटी (कमी पडणारं हार्मोन बाहेरून देण्याचा उपचार) डोक्यालाही मदत करते, आणि चुकीच्या प्रकारे दिलेली डोकं उठवते. म्हणून नुसतं हार्मोन चालू आहे असं सांगण्याला अर्थ नसतो. कोणतं, कशातून, किती, हे महत्त्वाचं.

हार्मोनची भीती बहुतेक २००२ सालच्या अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अभ्यासातून आलेली आहे. त्यात सहभागी स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं आणि दिलं होतं ते तोंडाने घ्यायचं इस्ट्रोजेन व कृत्रिम प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध). अठ्ठेचाळिशीतल्या बाईने कमी मात्रेचं जेल लावणं ही वेगळी गोष्ट आहे. आणखी एक गोंधळ: ऑरा असलेल्यांना संयुक्त (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन दोन्ही असलेली) गर्भनिरोधक गोळी वर्ज्य आहे, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. पाळी नियमित करायला म्हणून चाळिशीत ती लिहिली जाते, तेव्हा ऑराबद्दल आवर्जून सांगायचं. एचआरटीतली मात्रा त्याहून बरीच कमी असते आणि ती त्वचेतून दिली तर ऑरा असूनही देता येते.

तोंडाने घेतलेल्या गोळीने पातळी रोज वर जाते आणि खाली येते. एक गोळी चुकली की घसरण. त्वचेतून घेतलं की पातळी समान राहते. ०.०६ टक्के इस्ट्राडिओल जेलच्या २.५ ग्रॅममध्ये १.५ मिग्रॅ इस्ट्राडिओल असतं. अर्धशिशी असलेल्यांनी निम्म्याने, म्हणजे १.२५ ग्रॅमने सुरुवात करून वाफा थांबतील इतपतच हळूहळू वाढवावं. आंघोळीनंतर अंग कोरडं करून, रोज एकाच वेळी, दंडावर किंवा मांडीवर पातळ पसरायचं, छातीवर नाही. चोळत बसायचं नाही. पाच मिनिटं वाळू द्या, तासभर पाणी नको, हात धुवा, आणि ती जागा नातवंडांच्या अंगाला लागू देऊ नका. तेल किंवा बॉडी लोशन लावलेल्या जागी ते नीट शोषलं जात नाही.

पॅच मिळत असेल तर २५ ते ५० मायक्रोग्रॅमचा, आठवड्यातून दोनदा बदलायचा, समजा सोमवार आणि गुरुवार. कमरेखाली लावायचा. एप्रिल-मेच्या घामात तो सुटतो आणि कडेने उचकटला की मात्रा घसरते. कॅलेंडरवरचे ड जर रविवारी आणि बुधवारी येऊ लागले तर पॅच बदलाच्या आदल्या दिवशी संपतोय असं समजा. जेलवर जा किंवा लवकर बदलण्याबद्दल विचारा. हार्मोन सुरू केल्यावर ऑरा नव्याने आला किंवा वाढला तर मात्रा जास्त झाली आहे; डॉक्टरांना लगेच कळवा.

गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टोजेन लागतंच, नाहीतर गर्भाशयाचं अस्तर वाढून कॅन्सरचा धोका असतो. इथे अडचण आहे. महिन्यातले १२-१४ दिवस प्रोजेस्टेरॉन घेऊन थांबवलं की त्या थांबण्यानेही काहींचं डोकं दुखतं. रोज रात्री मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन १०० मिग्रॅ घेतलं तर डोकं शांत राहतं, वर झोपही येते, पण पाळी अजून चालू असलेल्यांना मधूनच डाग जातात. आमच्या मते या वयात उत्तम पर्याय ५२ मिग्रॅ लेव्होनॉरजेस्ट्रेलची हार्मोनवाली कॉपर-टीसारखी साधनं: अस्तर सांभाळलं जातं, जास्तीचा रक्तस्राव थांबतो, गर्भनिरोधनही होतं. पहिले काही महिने डाग आणि थोडी डोकेदुखी होऊ शकते. तेवढ्यावरून काढून टाकू नका. जेलने गर्भनिरोधन होत नाही हे लक्षात असू द्या. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर पुढची दोन वर्षं, पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्यावी लागते.

स्तनाचा कॅन्सर झालेला असणं, कारण न कळलेला रक्तस्राव, पक्षाघात, हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा गंभीर आजार: यांत हार्मोनचा रस्ता बंद, किंवा तज्ज्ञांच्या परवानगीनेच. आणि एफएसएच या हार्मोनची तपासणी करून पाळी जायला आली का हे बघण्यात पंचेचाळिशीनंतर पैसे घालवू नका; आज एक आकडा येतो, पुढच्या आठवड्यात दुसरा. त्यापेक्षा हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड) आणि रक्तदाब बघा.

पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला तर

पाळीने डोकं दुखतं, मग पिशवी काढून टाकली की सुटका, असं सांगणारे अजून आहेत. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न समोर आला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा किती कमी वयात गर्भाशयं काढली जातात हे सगळ्यांनी वाचलं. अर्धशिशीसाठी गर्भाशय काढण्याला काहीही आधार नाही. बीजकोश जागेवर राहिले तर इस्ट्रोजेनचे उतार चालूच राहतात, फक्त पाळीची खूण जाते. मग कॅलेंडरवर छाती दुखरी होण्याचे, पोट फुगण्याचे दिवस लिहून चक्र ओळखावं लागतं. दोन्ही बीजकोश काढले तर पातळी काही दिवसांतच तळाला जाते आणि बहुतेकींची अर्धशिशी वाढते. गाठी किंवा अन्य कारणाने शस्त्रक्रिया खरोखर लागणार असेल तर आधीच विचारा: बीजकोश ठेवणार का? काढणार असाल तर इस्ट्रोजेन केव्हा सुरू करायचं? पंचेचाळिशीच्या आत दोन्ही काढले आणि हार्मोनला मनाई नसेल, तर नैसर्गिकरीत्या पाळी जाण्याच्या वयापर्यंत ते घेणं हाडांसाठी आणि हृदयासाठीही गरजेचं असतं.

पूजेसाठी पाळी पुढे ढकलताना

सत्यनारायण, गौरी-गणपती, घरचं लग्न. दुकानातून नॉरएथिस्टेरॉन ५ मिग्रॅच्या गोळ्या येतात, दिवसाला तीन. शरीरात त्यातला थोडा भाग गर्भनिरोधक गोळीतल्याच इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होतो. म्हणजे ऑरा असणाऱ्या बाईने न विचारता घ्यायची ही गोळी नाही. इतरांनीही हे गृहीत धरावं की गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत रक्तस्राव आणि त्यासोबत दणकून झटका. विसर्जनाच्या दिवशी ढोल-ताशाखाली डोकं धरून बसायचं नसेल तर मुळात पाळी आली तर आली.

उपास, चहा, रविवार

उपाशी राहणं हे पक्कं निमित्त आहे. उपास करायचाच तर दर चार तासांनी काहीतरी पोटात: राजगिरा, दही, शेंगदाणे, केळं. नुसत्या साबुदाण्याने साखर चढते आणि उतरते. हरतालिकेचा निर्जळी उपास या वर्षांत नको. पाणी आणि फळांवर करा. चहाची वेळ आणि कप ठरलेले असू द्या. रोज चार कप घेणारीने उपासाला एकदम बंद केला तर दुसऱ्या दिवशीचं डोकं कॅफिनच्या अभावाचं असतं. कमी करायचा तर आठवड्याला अर्धा कप. रविवारी दोन तास उशिरा उठलं की झोप जास्त, चहा उशिरा, नाश्ता उशिरा, तिन्ही एकदम. म्हणून उठण्याची वेळ रोजचीच. वाफांसाठी सुती कपडे, पायाशी पंखा, रात्रीचं तिखट आणि गरम चहा बंद.

डॉक्टरांकडे जाताना

स्त्रीरोगतज्ज्ञ डोक्याबद्दल विचारत नाहीत आणि न्यूरॉलॉजिस्ट पाळीबद्दल. दोघांकडे कॅलेंडरची तीच पानं आणि एकच कागद न्या: शेवटची पाळी केव्हा, ऑरा आहे की नाही, महिन्याला ड किती आणि ग किती, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, धूम्रपान-मिश्री आहे का, घरात कुणाला पक्षाघात किंवा स्तनाचा कॅन्सर. एकाने लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्याला दाखवा. दोन गोष्टी एकाच दिवशी सुरू करू नका, नाहीतर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं ते कळत नाही. मध्ये किमान चार आठवडे ठेवा.

पाळी बंद होऊन वर्ष-दोन वर्षं झाली आणि सलग सहा महिने कॅलेंडरवर महिन्याला एखाद-दुसरा ड उरला, की प्रतिबंधक गोळी दोन-तीन महिन्यांत टप्प्याटप्प्याने कमी करता येते. जेलही एकदम बंद करू नका. मात्रा निम्मी करून काही आठवडे थांबा, मग आणखी निम्मी. बंद करताना झटके परतले तर आधीच्या मात्रेवर जाऊन सहा महिन्यांनी पुन्हा बघा. आणि पाळी जाऊन बारा महिने झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी एक डाग का असेना, तर डोकेदुखीचा विचार बाजूला ठेवून आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं.